शिपायाशी घासाघीस

माझी कविता चार कडव्यांची आहे. ज्या पुस्तकात ती छापली आहे, त्यात पहिली तीन कडवी माझी आहेत आणि चौथं दिघेसरांचं. खाली नाव मात्र माझं. गेली कित्येक वर्षं मी हे ज्याला-त्याला सांगत आले आहे. लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं, ससून डॉकच्या लिलावात सांगितलं. एकदा तर बँकेच्या मॅनेजरलाही सांगितलं, माझ्या पहिल्या बर्फाच्या गाडीच्या कर्जाचे कागद समोर पसरलेले असताना. सून म्हणते, "आई, सोडून द्या ना आता. सर गेले, मंडळ गेलं, कागदसुद्धा पिवळा पडला." का सोडू? वर ताजी पापलेटं रचून खाली शिळे बोंबील कोणी माझ्या टोपलीत घातले, तर मी सोडीन का? मग हे कसं सोडीन?

प्रभादेवीच्या आमच्या गल्लीत तेव्हा समुद्र घराच्या इतका जवळ होता, की भरतीच्या वेळी बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागे. आमच्या घरातली माणसं जन्मभर मोठ्यानं का बोलली, याचं कारण मी तेच देते. एका बाजूनं लाटा, दुसऱ्या बाजूनं गिरणीचा भोंगा, आणि मध्ये माझी आई. आई दादरच्या बाजारात बसायची. तिच्या पाटीशी येणारी गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची, तिला घाबरणारी आणि तिला अजून न ओळखणारी. बाबा दारात बसून जाळी विणत. बोलायचं काम त्यांनी लग्नानंतर आईवर सोपवलं होतं. घरात सतत कसलातरी वास असे: तव्यावरच्या सुकटीचा, ओल्या दोऱ्याचा, दुपारी रटरटणाऱ्या आंबट कालवणाचा. तांदळाची भाकरी आई अशी थापायची की शेजारणीला वाटावं कुणाला तरी मारते आहे. त्या भाकरीला पापुद्रा मात्र असा सुटायचा की तसा मी परत कुठे पाहिला नाही. माझ्या स्वयंपाकघरात आज सगळं आहे, तो पापुद्रा नाही.

ते दिवसच भारलेले होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे आम्ही भिंतींवर वाचत होतो, प्रभातफेरीत ओरडत होतो, आणि पाटीवर पाणी शिंपडतानाही म्हणत होतो. आज संचारबंदी, उद्या मोर्चा, परवा शिवाजी पार्कला सभा. सभेला गेलं की शाहिराच्या डफावर थाप पडायची आणि पाय आपोआप ठेका धरायचे. जो तो कविता करत होता. न्हाव्यानं केली होती, रेशनच्या दुकानातल्या कारकुनानं केली होती. मग मी काय पाप केलं होतं? माझी मावशी लग्नात धवले गाणारी. देवाधर्माची, नवरानवरीची ती लांबलचक गाणी माझ्या कानात लहानपणापासून साठलेली. चाल माझ्याकडे तयार होती. फक्त आत भरायला काहीतरी हवं होतं.

ते मला सुमतीताईंच्या मोरीत मिळालं.

सुमतीताई आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहायच्या. त्यांचं जुनं घराणं, आजोबांची एकेकाळी वाडी होती, आता वाडी गेली होती आणि खुर्च्या राहिल्या होत्या. त्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत, एकट्या राहत, आणि मासळीशिवाय त्यांचं पान हलत नसे. आठवड्यातून दोनदा मी त्यांच्याकडे मासळी घेऊन जायची आणि मोरीत बसून साफ करून द्यायची. त्या दारात स्टूल टाकून बसत आणि हातातलं इंग्रजी पुस्तक मला मराठीत सांगत. मी सातवीपर्यंत शिकले होते. माझं डोकं फुकट जातंय असं त्यांना वाटे. सगळी पुस्तकं मला आवडायची असं नाही. एकदा राजाराणीची गोष्ट फार लांबली तेव्हा मी, "ताई, हिचं लग्न होईपर्यंत कोलंबी नासेल," असं म्हटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. दुसरं पुस्तक काढलं.

ते दुसरं पुस्तक एका आर्मेनियन बाईनं लिहिलेलं होतं. आर्मेनियन म्हणजे कोण, हे ताईंनी आधी सांगितलं. तुर्कस्तानातली ख्रिस्ती माणसं. पहिल्या लढाईच्या वेळी तिथल्या सरकारनं ती सगळीच्या सगळी संपवायला काढली. पुरुषांना आधीच नेलं आणि मारलं. बायकापोरांना घराबाहेर काढून वाळवंटाच्या दिशेनं चालवत नेलं. पोचायचं कुठंच नव्हतं. ही लेखिका तेव्हा लहान मुलगी होती. वाचली, परक्या देशात अनाथाश्रमात वाढली, शिवणकाम करून पोट भरलं, आणि चाळिशी उलटल्यावर हे पुस्तक लिहिलं.

मला वाटलं होतं, आता नुसतं रडणं. पण ती बाई तशी नव्हती. तिनं सुरुवातीची पानंच्या पानं जर्दाळूंवर लिहिली होती! छपरावर जर्दाळू कसे वाळत घालायचे, आजी पाखरांना कशा शिव्या द्यायची, आई तांब्याची भांडी घासताना कुठलं गाणं म्हणायची. मी मासे कापायचं थांबवून हसत होते. ताई म्हणायच्या, "हिरा, हात चालू दे." आणि मग एका सकाळी, मी पापलेटाचे पर कापत असताना, ते पान आलं. रस्त्यानं चालताना मुलगी तहानेनं पडली. बाजूनं नदी वाहत होती, पण शिपाई कुणाला नदीकडे जाऊ देत नव्हते. तिच्या आईनं कानातली एक सोन्याची कुडी काढली आणि शिपायाला दिली. त्यानं अर्धा पेला पाणी दिलं.

"अर्धा?" मी म्हणाले.

"अर्धा," ताई म्हणाल्या.

"एका अख्ख्या कुडीला अर्धा पेला? आणि तिनं घेतला?"

ताईंनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "हिरा, अगं, ती बाई काय बाजारात उभी होती?"

"मग काय झालं? तो विकतच होता ना! विकणाऱ्याला बोलायचं नाही? नदी काय त्याच्या बापानं खणली?"

रागानं माझे कान तापले. मारणाऱ्यांचा राग मला येत होताच, पण तो इतका मोठा होता की त्याला हात कुठून घालावा तेच कळत नव्हतं. हा अर्धा पेला मात्र मला कळत होता. अशी लुबाडणूक मी रोज पाहत होते, रोज तिच्याशी भांडत होते. पुढचं ताई वाचत राहिल्या: आईनं पेला मुलीच्या तोंडाला लावला, "मी आधीच प्यायले" असं सांगितलं. पुढच्या एका प्रकरणात आई नव्हती. मला फारसं ऐकू येत नव्हतं. मी मनातल्या मनात त्या शिपायाची गचांडी धरून उभी होते.

घरी जाताना रस्त्यातच पहिली ओळ आली. ओळ आली म्हणजे काय होतं, ते ज्यांना कधी आली नाही त्यांना सांगता येत नाही. मी चक्क धावत सुटले. रिकामी टोपली डोक्यावरून उडाली, एका सायकलवाल्याच्या पुढ्यात पडली, तो काहीतरी बोलला, आणि मी त्याला हसून म्हटलं:

"पाणी कसं दिलंस रं शिपाया, पाणी कसं दिलंस?
नदी काय तुझ्या बापानं खणली, मोल कसलं केलंस?"

तो सायकलवर बसला आणि मागे न बघता गेला.

पुढचे दिवस मी वेड्यासारखी वागले. एवढ्या भयंकर गोष्टीवर लिहिताना माणसाला इतका आनंद कसा होतो, याचं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आता कधीकधी वाटतं. पण खोटं कशाला लिहू? मला उकळ्या फुटत होत्या. भाकरी करपली, आईनं लाटण्यानं ठोकलं, मी ठोक्यावर ठेका धरला. बाजारात गिऱ्हाइकाला भाव यमकात सांगायला लागले. एक म्हातारे गृहस्थ केवळ ऐकण्यासाठी मांदेलीचा वाटा घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. दुसरं कडवं मला बर्फ फोडताना सुचलं:

"सोनं घे, पण पेला भर, काठाला लागू दे पाणी,
अर्ध्या पेल्याला अख्खं सोनं देईल का रं कोणी?"

आणि तिसऱ्यात तर मी आमच्या बाजाराची रीतच घातली. आमच्याकडे भाव तुटला, म्हणजे ठरला, की सौदा तिथं संपत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "वर घाल," आणि कोळीण कुरकुरत एखादी मांदेली, मूठभर कोलंबी वर टाकते. न टाकणारी कोळीण कंजूष, न मागणारं गिऱ्हाईक बावळट.

"एका कुडीला दोन पेले, तिसरा वर घाल,
उन्हानं बघ लेक माझी झालीय कशी लाल."

चौथं कडवं मात्र असं उड्या मारत आलं नाही. ते सकाळी चूल पेटवताना सावकाश आलं, आणि मी बराच वेळ फुंकणी हातात धरून बसले. त्यात मी भांडले नाही. पुस्तकात होतं तसंच ठेवलं.

सुमतीताईंनी कविता ऐकली, चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाल्या, "दादरला आमच्या साहित्य मंडळाचा काव्यवाचनाचा कार्यक्रम आहे, हुतात्म्यांसाठी. दिघेसर चिटणीस आहेत. तू त्यांना दाखव. माझं नाव सांग."

दिघेसर एका शाळेत मराठी शिकवत. धोतर इतकं पांढरं की जवळ उभं राहायला संकोच वाटावा. त्यांनी माझा कागद वाचला, टेबलावर ठेवला, आणि त्यावर दोन बोटं ठेवली, तो उडून जाईल असं वाटल्यासारखी.

"कल्पना चांगली आहे. पण हुतात्म्यांची सभा, आणि त्यात घासाघीस? दुसरं कडवं काढा. चौथंही काढा. आणि नाव 'एक कोळी भगिनी' असं देऊ. ते जास्त शोभतं."

"माझं नाव हिरा हाय. ते का नाय शोभत?"

"तसं नव्हे हो..."

"दुसरं कडवं नाय काढणार. त्यात तर तिचा सगळा राग हाय. आणि नाव माझंच येणार. हिरा. पुढं बापाचं, पुढं आडनाव. पूर्ण."

"मग चौथं तरी काढा. शेवट रडका नको. लोकांनी मुठी आवळून उठायला हवं. तिसऱ्यावर संपवा."

आम्ही पुष्कळ ओढाताण केली. मी उठून दारापर्यंत गेले, त्यांनी परत बोलावलं. मी पुन्हा गेले, पुन्हा बोलावलं. अखेर ठरलं: दुसरं कडवं राहील, नाव राहील, चौथं जाईल. मी तिथून निघाले ती तरंगतच. चिटणीसांना वाकवलं! दोन गोष्टी मिळवल्या, एक सोडली! दादरपासून प्रभादेवीपर्यंत मी स्वतःवर खूश होते. पुढे धंद्यात पडले, बर्फवाल्यांशी, गाडीवाल्यांशी बोलणी करायला लागले, तेव्हा एके दिवशी अचानक डोक्यात वीज पडली. दिघेसरांना फक्त चौथं कडवंच काढायचं होतं. बाकीच्या दोन गोष्टी त्यांनी सोडण्यासाठीच मागितल्या होत्या. मासळीबाजारात वाढलेल्या पोरीला एका मराठीच्या मास्तरानं गिऱ्हाईक केलं! माझं दुखणं ते आहे. कडवं बदलल्याचं आहेच, पण हेही आहे.

कार्यक्रमाचं मी घरी सांगितलं नव्हतं. मावशीनं सांगितलं, आणि मावशीनं सांगितलं म्हणजे बाजारानं ऐकलं. सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगांत इस्त्रीचे सदरे, पातळं, मोगऱ्याचे गजरे. सुमतीताई अगदी पुढे. एक कवी झाला, दोन झाले, सगळ्यांच्या कवितांत रक्त, मशाली, सह्याद्री. माझं नाव पुकारलं, पूर्ण नाव, आणि मी उठले, तेवढ्यात मागच्या दारातून आई आत आली. मागोमाग मावशी, मागोमाग अख्खी मच्छी गल्ली. बाजार उठवून तशाच आल्या होत्या. टोपल्या बाहेर पायरीवर ठेवल्या होत्या. वास आत आला होता. पुढच्या रांगांत रुमाल निघाले.

"ती बघ आपली हिरा," मावशी म्हणाली. समुद्राजवळ राहणारी बाई जितक्या हळू बोलू शकते तितक्या हळू. सगळ्या सभेला ऐकू गेलं.

मी आधी चार वाक्यांत त्या बाईची गोष्ट सांगितली. वाळवंट, नदी, शिपाई, कुडी. मग सुरू केलं. "पाणी कसं दिलंस रं शिपाया..."

"कसं दिलंन?" मागून आवाज आला.

तुम्हाला सांगते, यांच्यातली एकही बाई काव्यवाचनाला कधी गेली नव्हती. पण 'कसं दिलंस' हे शब्द कानावर पडले की काय करायचं, ते प्रत्येकीला झोपेतही ठाऊक होतं. समोर सौदा चालला होता आणि एक बाई एकटी पडली होती. त्या तिच्या बाजूनं उतरल्या.

"एक कुडी नि अर्धा पेला? आग लाग त्याच्या तोंडाला!"

"हात आवर गो बाय, दाखवू नको त्याला सोनं!"

"निघून जा तू! बोलवेल परत!"

"जाईल कुठं? वाळवंट हाय तिथं."

"अगो, हो की."

दिघेसर उठून उभे राहिले. "शांतता! भगिनींनो, ही कविता आहे!" कुणी ऐकलं नाही. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हसू दाबत होते, मग त्यांनी दाबायचं सोडून दिलं. मला तर वाटत होतं मी जमिनीवर उभीच नाही. दुसरं कडवं मी म्हटलं की ओरडले, आठवत नाही. तिसऱ्याला "वर घाल" आलं आणि सबंध मागची बाजू एका सुरात ओरडली, "घाल! घाल! वर घाल!" सदरेवालेही टाळ्या वाजवायला लागले. डफ नव्हता, तुतारी नव्हती, तरी सभागृह दणाणलं. दिघेसरांना हव्या होत्या तशा मुठी वर झाल्या होत्या.

मी ठरल्याप्रमाणे नमस्कार केला आणि कागदाची घडी घातली.

टाळ्या थांबल्या. मागून आईचा आवाज आला. आत्तापर्यंत ती काहीच बोलली नव्हती.

"मग? दिलं का त्यानं?"

मी दिघेसरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली: नाही.

"हिरे, सौदा अर्धा टाकून कुठं चाललीस? दिलं का नाय दिलं?"

"सांग गो!" मावशी म्हणाली. मग सगळ्याच. "सांग! सांग! काय तुटलं? कितीला तुटलं?" शब्द मी दिला होता आणि शब्द मोडायचा माझा धंदा नाही. मी तशीच उभी राहिले. इतक्यात सुमतीताई उठल्या, व्यासपीठाकडे वळल्या आणि त्यांच्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "सर, बायका विचारताहेत. त्यांना उत्तर द्यायला हवं." दिघेसरांनी मागच्या दाराकडे पाहिलं, त्या बायकांकडे पाहिलं, बहुधा त्यांना सभागृह सोडून घरी जायचा रस्ता त्याच दारातून होता. ते खाली बसले. हातानं 'वाचा' अशी खूण केली.

मी कागद उघडला नाही.

"सौदा तुटला, पेला रिता, पुढं निघाली पावलं;
'प्यायले मी' म्हणाली आई, ओठाला नाही लावलं."

टाळ्या झाल्या नाहीत. मावशीनं पदर तोंडाला लावला. रस्त्यावरून एक बस गेली, तिचा आवाज सबंध ऐकू आला. मग पुढचे कवी आले, त्यांनी मशाली पेटवल्या, पण त्या धड पेटल्या नाहीत. दिघेसरांनी माझ्याकडे पाहिलं नाही ते नाहीच, आणि पुढे मंडळाचं कवितांचं पुस्तक निघालं तेव्हा त्यांनी त्याचा वचपा काढला. चौथ्या कडव्यात त्यांनी काय छापलं ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या या पुस्तकात मी त्यांना फुकट जागा देणार नाही.

आम्ही समुद्राच्या बाजूनं चालत घरी निघालो. बाकीच्या पुढे गेल्या होत्या, हसत, खिदळत, त्या शिपायाला अजून शिव्या घालत. मी आईच्या शेजारी, आणि मला वाटत होतं आता ती काहीतरी म्हणेल. दादरच्या बाजारातली ती सगळ्यात कडक बाई. सौद्यातलं तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

"मी भाव नसता केला गो," ती म्हणाली. "दोन्ही कुड्या काढून दिल्या असत्या. त्यानं मागायच्या आधी."

मी थांबले. "म्हणजे? माझी कविता चुकली?"

"चुकली कशी?" आईनं रिकामी टोपली या काखेतून त्या काखेत घेतली. "तिला भांडायला वेळ नव्हता. तुला हाय."